जागेवरच राहिलेलं चंदेरी हँडल : दोन कॅनोपी उघडलेल्या एका उडीचं प्रकरण

"मीच ओढला रिझर्व्ह," विमानातून उडी मारून उतरलेला तो गडी शेतात बसल्या बसल्या सांगत होता. एक बूट काढलेला, घोटा दोन्ही हातांत धरलेला. आजूबाजूला दोन कॅनोपी (पॅराशूटची कापडी छत्रं) पसरल्या होत्या. एक त्याची रोजची, निळी-पिवळी. दुसरी पांढरी, आणीबाणीसाठीची राखीव, म्हणजे रिझर्व्ह, जिच्या घड्या चार महिन्यांपूर्वी मी स्वतः घातल्या होत्या. मी त्याच्या छातीकडे पाहिलं. हार्नेसच्या डाव्या पट्ट्यावरचं रिझर्व्हचं चंदेरी हँडल आपल्या खिशात जसंच्या तसं बसलेलं होतं.

"मग हे काय आहे?" मी विचारलं.

त्याने मान खाली घालून पाहिलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

तो खोटं बोलत नव्हता. आपण डाव्या हाताने हँडल ओढलं हे त्याला खरोखरच आठवत होतं, अगदी ओढताना लागलेल्या जोरासकट. आठवण अशी मागाहून शिवली जाते, हे मी याआधीही पाहिलंय. म्हणून अशा वेळी मी आधी सामान तपासते आणि माणसाचं नंतर ऐकते.

मी रिगर आहे. मुख्य पॅराशूट प्रत्येक जण आपापलं घडी घालतो. राखीव पॅराशूट मात्र रिगरनेच तपासून, बांधून, लाल दोऱ्याने सील करून द्यायचं असतं. अमेरिकी नियमांनुसार रिझर्व्ह वापरला नसला तरी १८० दिवसांच्या आत तो उघडून पुन्हा बांधावा लागतो. आपण बांधलेला रिझर्व्ह कुणाच्या डोक्यावर उघडलेला पाहणं हा विचित्र अनुभव असतो. पोटात गोळा येतो, आणि खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही वाटतो. त्या दिवशी मी खालीच होते आणि दोन्ही एकदमच झालं.

हे प्रकरण लिहून काढायचं कारण एवढंच, की त्यानंतर आठवडाभर सगळे मला एकच प्रश्न विचारत होते: "सामानात काय बिघडलं?" काहीही बिघडलं नव्हतं. मुख्य कॅनोपी व्यवस्थित उघडली, रिझर्व्ह व्यवस्थित उघडला, आपोआप उघडणाऱ्या यंत्राने नेमून दिलेलं काम केलं. तीनही गोष्टी बरोबर झाल्या, आणि तरीही माणूस मरता मरता राहिला.

काय झालं

गड्याच्या नावावर १४० च्या आसपास उड्या. बी लायसन्स, म्हणजे ए ते डी या चार पायऱ्यांतली दुसरी. हुशार, नम्र, पॅकिंगला हात साफ. दिवसातली शेवटची उडी, हवा गार, म्हणून जम्पसूटवर एक सैल जॅकेट चढवलेलं. चौघांची फॉर्मेशन, म्हणजे पडता पडता एकमेकांना धरून आकृत्या करायच्या, बाहेर पडायची उंची १३,००० फूट, आणि ४,५०० फुटांवर एकमेकांना सोडून वेगळं व्हायचं हे जमिनीवर ठरलेलं.

४,५०० फुटांवर चौघांच्याही हेल्मेटमध्ये बीप वाजला. चौघांनीही तो ऐकला, हे नंतर प्रत्येकाने कबूल केलं. पण शेवटचा पॉइंट, म्हणजे ठरलेली शेवटची आकृती, अर्धवट राहिला होता; एकाचा हात दुसऱ्याच्या मनगटापासून वीतभर लांब. कॅमेरावाल्याच्या चित्रणात ते स्पष्ट दिसतं: तो हात पोचतो, पकड बसते, चौघंही दात काढून हसतात, आणि मग वळतात. तोवर ३,५०० फूट झालेले.

पोटावर पडणाऱ्या माणसाचा स्थिर वेग ताशी १२० मैलांच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला साधारण १७५ फूट. हजार फूट म्हणजे पावणेसहा सेकंद. ते हसू एवढ्याला पडलं.

पुढचं चित्र त्याच्या हेल्मेटमधल्या उंची मोजणाऱ्या आल्टिमीटरच्या नोंदीवरून जुळवलंय. वळून तो पाच सेकंद ट्रॅक करत, म्हणजे हवेत आडवा सरकत, लांब गेला. हे त्याने चोख केलं, कारण वर किंवा शेजारी माणूस असताना कॅनोपी उघडणं हा मरणाचा वेगळाच प्रकार आहे. ट्रॅक थांबवला तेव्हा उंची २,७५० फूट. हात हलवून इशारा दिला, २,६०० फूट. मग उजवा हात मागे, कंटेनरच्या, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या पिशवीच्या, तळाशी गेला. पायलट च्यूटचं, म्हणजे मुख्य कॅनोपीला ओढून बाहेर काढणाऱ्या छोट्या छत्रीचं, गोळ्यासारखं हँडल तिथे असतं. आम्ही सगळे त्याला हॅकी म्हणतो. हाताला कापड लागलं. जॅकेटचा घेर वाऱ्याने फुगून कंटेनरच्या तळावर आला होता आणि हॅकी त्याच्याखाली गेली होती. त्याने पुन्हा चाचपलं. पुन्हा कापड. मग बोटं कापडाच्या कडेवर, मग कापडाखाली, मग एकदाची हॅकी.

ही शोधाशोध त्याच्या आठवणीत "सेकंदभर" होती. नोंदीत ती सहा सेकंदांची आहे. पायलट च्यूट फेकलं तेव्हा उंची होती साधारण १,५५० फूट.

फेकणंही जोरकस नव्हतं. पोटावर पडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हवेचा एक पोकळ, घुसळता कप्पा तयार होतो, त्याला बर्बल म्हणतात. हळू सोडलेलं पायलट च्यूट त्या कप्प्यात गिरक्या घेत राहतं, त्याला वाराच लागत नाही. ते असं दोन सेकंद नाचलं. मग पकडलं, ब्रायडल (त्याला कॅनोपीच्या बॅगेशी जोडणारी पट्टी) ताणली, कप्पा बंद ठेवणारी पिन निघाली, बॅग उचलली गेली, दोऱ्या एकेक करून सुटल्या. दोऱ्या पूर्ण ताणल्या तेव्हा १,०५० फूट. कॅनोपी डोक्यावर आली आणि स्लायडर, म्हणजे उघडणं हळू करणारा कापडाचा तुकडा, वरच चिकटून बसला, जसा तो नेहमी बसतो. त्याची कॅनोपी मऊ उघडण्यासाठीच प्रसिद्ध होती, त्याने तिची निवडही त्याच कारणासाठी केली होती.

७५० फुटांवर पाठीत काहीतरी "टक्" झालं.

यंत्राला काय कळतं

एएडी, म्हणजे आपोआप रिझर्व्ह उघडणारं यंत्र, रिझर्व्हच्या कप्प्यात बसवलेलं असतं. आत हवेचा दाब मोजणारं सेन्सर, एक छोटा प्रोसेसर, बॅटरी, आणि वायरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा कटर. या कटरच्या भोकातून रिझर्व्हचा कप्पा बंद ठेवणारा दोरीचा लूप ओवलेला असतो. यंत्र हँडल ओढत नाही आणि पिनही काढत नाही. ते लूप कापतं. लूप तुटला की कप्प्याचे पदर उघडतात आणि स्प्रिंगवालं पायलट च्यूट उसळून बाहेर येतं. हँडल जागेवर राहिलं ते यामुळेच.

हेल्मुट क्लोथ या जर्मन माणसाच्या एअरटेक कंपनीने १९९१ मध्ये सायप्रेस बाजारात आणलं तेव्हापासून हे काम इलेक्ट्रॉनिक झालं. त्याआधीची यांत्रिक यंत्रं इतकी बेभरवशाची होती की अनुभवी लोक ती विद्यार्थ्यांच्या पाठीवरच बरी असं म्हणत. सायप्रेसच्या नेहमीच्या मॉडेलचं गणित सरळ आहे: उंची ७५० फूट, आणि त्या वेळी खाली येण्याचा वेग ताशी ७८ मैलांहून जास्त असेल, तर लूप काप. आमच्या गड्याच्या यंत्राची मर्यादाही तीच.

आता त्याची अवस्था पाहा. मुख्य कॅनोपी उघडत होती, पण अजून उघडली नव्हती. स्लायडर वरच अडून असताना वेग हळूहळू उतरतो. सेकंदाला १७५ फुटांवरून तो १३० वगैरेपर्यंत आला असावा. ७८ मैल म्हणजे सेकंदाला ११४ फूट. यंत्राच्या हिशेबात हा माणूस जमिनीपासून जेमतेम सहा सेकंदांवर होता आणि फार वेगाने पडत होता. डोक्यावर कापड फुगतंय हे यंत्राला दिसत नाही. त्याला दाब कळतो, दाबाच्या बदलावरून वेग कळतो, बस्स.

इथून एक वाद सुरू झाला, आणि तो अजूनही पूर्ण मिटलेला नाही. एका जुन्या प्रशिक्षकाचं म्हणणं, "एएडी नसतं तर हा पठ्ठ्या एका कॅनोपीखाली नीट उतरला असता. यंत्रानेच घोळ केला." यात तथ्य आहे, आणि ते नाकारणारे भाबडे आहेत. मुख्य कॅनोपी आणखी सेकंद-दीड सेकंदात भरली असती, बहुधा ६०० फुटांच्या आत, आणि त्याला उतरायला पुरेशी जागा उरली असती. या एका उडीत यंत्राची गरज नव्हती.

पण तोच स्लायडर आणखी तीन सेकंद वर राहिला असता तर? किंवा दोऱ्यांत गाठ असती तर? यंत्राने वाट पाहत बसायचं ठरवलं तर किती पाहायची? खुद्द रिझर्व्हलाही उघडायला उंची लागते. रिझर्व्ह मऊ नव्हे, झटकन उघडावा असाच बनवलेला असला तरी काहीशे फूट जातातच. ७५० हा आकडा आधीच तळाला टेकलेला आहे. आणि ज्याला १,५५० फुटांवर पायलट च्यूट फेकायची वेळ येते, त्याच्याविषयी "हा आता सावरेल" असं यंत्राने गृहीत धरावं, ही अपेक्षा मला तरी अजब वाटते.

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो यंत्र बनवणाऱ्यांनी आणि नियम करणाऱ्यांनी बऱ्याच आधी ओळखला होता. जुन्या कॅनोपी फटकन उघडत. मान आखडायची, पण उंची कमी जायची. मग लोकांना मऊ उघडणाऱ्या कॅनोपी हव्या झाल्या. स्लायडर हा कापडाचा साधा चौकोन, कोपऱ्यांतल्या कड्यांतून दोऱ्या ओवलेल्या. तो वर राहील तितकं उघडणं लांबतं. आज ७०० ते १,००० फूट खाऊन आरामात उघडणारी कॅनोपी कुणाला वावगी वाटत नाही. म्हणजे २,००० फुटांवर फेकलं तर हजारावर पूर्ण उघडलेली, आणि ती रोजच्यापेक्षा जरा रेंगाळली तर एएडीच्या दारात. अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनने २०१३ मध्ये सी आणि डी लायसन्सवाल्यांची किमान उंची २,००० वरून २,५०० फुटांवर नेली ती हीच फट रुंद करण्यासाठी. बी लायसन्सला २,५०० आधीपासून होतेच, ए लायसन्सला ३,०००. त्या वेळी "आम्हाला शिकवताय का" म्हणणारे अनुभवी लोक माझ्या चांगले लक्षात आहेत.

लक्षात घ्या, हे आकडे पायलट च्यूट फेकायचे आहेत. पूर्ण कॅनोपी मिळायचे नव्हेत.

साडेचारशे फूट

दोन्ही कॅनोपी भरल्या तेव्हा मी मान वर करून पाहत होते. आधी वाटलं दोघं जण फार जवळ उडताहेत. मग खाली एकच माणूस लटकलेला दिसला आणि हातातला चहा कधी खाली ठेवला ते आठवत नाही. उंची असेल साडेचारशे फूट.

एका माणसावर दोन कॅनोपी उघडल्या की त्या साधारण तीन तऱ्हांनी उडतात. एक पुढे, एक मागे, जणू जुन्या विमानाचे दोन पंख: हा बायप्लेन, बऱ्यापैकी शांत. शेजारी शेजारी: हीही बहुतेकदा उडणारी, पण चंचल. आणि तिसरी, दोन्ही एकमेकींपासून दूर वळून जमिनीकडे तोंड करतात: डाउनप्लेन. यात दोन कॅनोपी असून माणूस भयानक वेगाने खाली येतो, कारण दोघींची ताकद त्याला आडवी खेचण्यात जाते.

शिकवणीत सांगतात, डाउनप्लेन असेल तर मुख्य कॅनोपी कापून टाका, म्हणजे हँडल ओढून सोडून द्या; यालाच कटअवे म्हणतात. बायप्लेन असेल तर कापू नका. दोरीचा फास एकदा लागला की कापलेली मुख्य कॅनोपी जाताना रिझर्व्हच्या दोऱ्यांतून ओढली जाऊ शकते, आणि मग दोन चालू कॅनोपींच्या जागी एक चुरगळलेली उरते. शेजारी शेजारीसाठी दोन पर्याय दिलेत: मोकळ्या असतील तर कापा, नाहीतर मोठी कॅनोपी हलकेच चालवा. कापायचंच असेल आणि उंची असेल, तर आधी आरएसएलची पट्टी सोडा. ही पट्टी मुख्य कॅनोपीच्या रायझरला, म्हणजे दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्याला, जोडलेली असते, आणि कटअवे केल्यावर रिझर्व्ह आपोआप ओढणं हे तिचं काम. इथे रिझर्व्ह आधीच बाहेर आलेला. आता ती पट्टी फक्त अडकायच्या कामाची.

हे सगळं त्याला वर्गात शिकवलं होतं. परीक्षेत त्याने बरोबर लिहिलंही होतं. पण शरीरात काय बसलं होतं? प्रत्येक उडीआधी विमानात केलेला सराव: डोक्यावर गडबड दिसली की उजवीकडचं लाल, मग डावीकडचं चंदेरी. कापा, ओढा. शेकडो वेळा. दोन कॅनोपींचा सराव त्याने किती वेळा केला असेल? मी विचारलं. "एकदा. लायसन्सच्या वेळी."

कटअवेचं लाल हँडल मऊ उशीसारखं असतं आणि वेल्क्रोने हार्नेसला चिकटवलेलं असतं. आधी सोलायचं, मग ओढायचं. शेतात मी ते पाहिलं तेव्हा खालची अर्धी वेल्क्रो सुटलेली होती. वरची चिकटलेली. पिवळ्या केबल हललेल्या नव्हत्या. म्हणजे हात तिथे गेला होता, पकड बसली होती, सोलायला सुरुवात झाली होती, आणि मग थांबला.

का थांबला? मी त्याला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं, कारण पहिल्या दिवशीच्या उत्तरावर माझा भरवसा नव्हता. तिन्ही वेळा त्याने एकच सांगितलं: "वर बघितलं. दोन्ही उडत होत्या." एवढंच. पुढे मुख्य, मागे रिझर्व्ह, दोऱ्या वेगळ्या. मग त्याने हात काढला.

त्याची मुख्य कॅनोपी पुढे होती. तिचे ब्रेक सोडून त्याने उजवं टॉगल, म्हणजे वळवायची मूठ, जरा खाली आणलं, झाडांच्या रांगेपासून दूर जायला. मागचा रिझर्व्ह घसरून शेजारी येऊ लागला. खालून आम्हाला ते दिसलं आणि कुणीतरी मोठ्याने ओरडलं, जणू ते त्याला ऐकू जाणार होतं. त्याने टॉगल सोडलं. रिझर्व्ह पुन्हा मागे सरकला. त्यानंतर त्याने जवळजवळ काहीच केलं नाही, आणि त्या अर्ध्या मिनिटातलं सर्वांत शहाणपणाचं काम हेच होतं. रिझर्व्हचे ब्रेक हात न लावता तसेच ठेवले. उतरताना फ्लेअर केलं नाही, म्हणजे वेग मारायला दोन्ही टॉगल ओढली नाहीत. पुढची कॅनोपी एकदम ओढली असती तर मागचीचा समतोल जमिनीजवळच गेला असता. पाय जोडून, गुडघे मऊ ठेवून, अंग कडेवर सोडून लोळला. दोन कॅनोपींखाली खाली येण्याचा वेग तसा कमी असतो. घोटा ढेकळावर मुरगळला. बाकी काही नाही.

कापलेला लूप

संध्याकाळ संपेपर्यंत आम्ही गवतात रिझर्व्हची फ्रीबॅग शोधत होतो. रिझर्व्हची बॅग आणि पायलट च्यूट कॅनोपीला बांधलेली नसतात. ती सुटून वाऱ्याबरोबर जातात, म्हणजे काही अडकलं तरी कॅनोपी उघडायची थांबत नाही. विचार उत्तम, शोधणाऱ्याच्या गुडघ्यांना त्रास. बॅटरीच्या उजेडात सापडली एकदाची.

रात्री टेबलावर सगळं मांडलं. कापलेल्या लूपचे दोन तुकडे होते. घासून झिजलेली दोरी तुटते तेव्हा टोकाला कुंचला होतो, धागे पिंजारतात. हे टोक सपाट होतं, सुरीने कापल्यासारखं, आणि कडेला किंचित काळसर. यंत्राच्या पडद्यावर कार्य झाल्याचा संकेत. रिझर्व्हची पिन वाकलेली नाही, केबल आपल्या नळीत तशीच. आता कुणाच्याही आठवणीची गरज उरली नव्हती.

मग मी नोंदीतले सेकंद कागदावर लिहून काढले आणि एका ओळीवर येऊन अडले. १,८०० फूट. बी लायसन्सपासून पुढच्या माणसासाठी ही निर्णयाची उंची: इथपर्यंत चांगली कॅनोपी डोक्यावर नसेल तर आपत्कालीन कृती सुरू झालीच पाहिजे. १,८०० फुटांवर त्याचा हात जॅकेटच्या कापडाखाली होता. साडेचार सेकंद होऊन गेले होते.

हँडल सापडत नसेल तर दोन प्रयत्न, मग सरळ रिझर्व्ह. हे सगळ्यांना पाठ असतं. २,६०० वरून दोन प्रयत्न म्हणजे फार तर २,२०० फूट. तिथे चंदेरी हँडल ओढलं असतं तर एक स्वच्छ कॅनोपी, बराच वेळ, कोरडे कपडे, आणि हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती. मुख्य कॅनोपी बॅगेतच राहिली असती, ती हरवायचीही भीती नाही.

का नाही ओढलं? माझं मत असं, आणि ते मी सिद्ध करू शकत नाही: कारण हॅकी तिथेच होती. ती हरवली नव्हती, तुटली नव्हती. प्रत्येक चाचपणीला वाटतं की पुढच्याला हाती लागेल. गच्च अडकलेलं हँडल माणूस लवकर सोडतो. जवळजवळ सापडलेलं सोडवत नाही. त्यात रिझर्व्ह वापरला की खर्च, चार लोकांचे प्रश्न, आणि "नुसतं जॅकेट आडवं आलं" हे सांगायची लाज. २,२०० फुटांवर लाज आठवते यावर हसू येईल, पण मला खाली उतरलेल्या कितीतरी लोकांनी हेच सांगितलंय.

जॅकेटबद्दल फार बोलायला नको. सैल कपडा हार्नेसच्या वर नको, हे पहिल्या दिवशी शिकवतात. विमानात चढण्यापूर्वी एकमेकांचं सामान तपासायचं असतं. त्या दिवशी त्याचं तपासणाऱ्याने पिन पाहिली, हॅकीला हात लावून पाहिला, आणि जॅकेट? "उभा होता तेव्हा वर होतं ते." उभा होता तेव्हा होतंच.

एक तरुण मुलगा त्या रात्री म्हणाला, "बेस जम्पिंगवाले तर पाचशे फुटांवरून उड्याच मारतात, मग हजार फुटांचं एवढं काय?" प्रश्न वाटतो तितका येडा नाही, म्हणून उत्तर देते. बेस जम्पिंगवाले विमानातून नव्हे, पूल-कड्यांवरून उडी मारतात. अमेरिकेतला न्यू रिव्हर गॉर्जचा पूल ८७६ फूट उंच आहे आणि तिथे दरवर्षी ब्रिज डे या उत्सवात शेकडो लोक उडी मारतात. आयडाहोमधला पेरिन पूल ४८६ फुटांचा. पण ते शून्य वेगाने निघतात. तीन सेकंदांत जेमतेम दीडशे फूट पडतात. त्यांचं पायलट च्यूट आमच्यापेक्षा कितीतरी मोठं असतं, म्हणजे कमी वाऱ्यातही ते ओढ घेतं. कॅनोपी झटकन भरावी अशी बांधलेली, आणि कमी उंचीवर स्लायडर सरळ काढून ठेवतात. रिझर्व्ह नाही, एएडी नाही. त्यांच्याकडे दुसरी संधी नाही म्हणून त्यांनी पहिली संधी लवकर उघडणारी केली. आपण आरामात उघडणारी कॅनोपी घ्यायची आणि उंची त्यांची वापरायची, हे दोन्ही खेळांतलं वाईट तेवढंच उचलणं झालं. तशीही त्यांची हाडं मोडण्याची तऱ्हा वेगळी आहे. तिचा हेवा करू नये.

चौघांपैकी उरलेल्या तिघांशी बोलणं जास्त अवघड गेलं. त्यांना वाटत होतं हे प्रकरण जॅकेटचं आहे. मी कॅमेऱ्यातलं ते चित्रण पुन्हा लावलं, बीपच्या आवाजापासून. हसेपर्यंत पाच सेकंद. त्याने ४,५०० ला वळून तेच सगळं केलं असतं, तेच जॅकेट, तीच शोधाशोध, तेच लुळं फेकणं, तर पायलट च्यूट २,५५० ला सुटलं असतं आणि कॅनोपी साधारण १,६०० च्या आसपास पूर्ण झाली असती. गचाळ उडी, जमिनीवर थोडी टिंगल. यंत्र झोपून राहिलं असतं. चित्रण बंद केल्यावर त्यातल्या एकाने विचारलं, "पण तो पॉइंट मोजला का?" कुणी हसलं नाही, म्हणून तो स्वतःच हसला आणि गप्प झाला.

पुढच्या आठवड्यात नवा कटर आला, नवा लूप कापून सिलिकॉन लावला, रिझर्व्हच्या प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे कापडी कप्प्यात, हात घालून शिवण पाहिली. तो शेजारी बसून बघत होता, घोट्याला पट्टी. मधेच उठून त्याने टेबलाशेजारच्या रिकाम्या कंटेनरला पाठ दिली, जॅकेट चढवलं, डोळे मिटले आणि हॅकीकडे हात नेला. दहा वेळा. मी काही बोलले नाही, फक्त मोजत होते. तीन वेळा कापड हाती आलं. त्याने जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं.

मग रिझर्व्हचं कार्ड भरायला घेतलं. तारीख, सील, काय काम केलं. त्याने वाकून पाहिलं आणि जरा अडखळत विचारलं, "त्यात लिहावंच लागतं का? म्हणजे... कुणी उघडला ते?"

"एएडीने उघडला, कटर बदलला," असं लिहून मी खाली सही केली.